कधी मोडतं ते सांगा

आमचे सर खुर्चीवर बसण्याआधी ती दोन्ही हातांनी हलवून बघायचे. खुर्ची मोडकी नव्हती. आदल्या आठवड्यात तिच्यावर बसूनच त्यांनी आम्हाला शिकवलेलं असायचं. "गेल्या शनिवारी टिकली हे मलाही ठाऊक आहे. आजचं काय?" असं म्हणून ते वाकून तिचे पाय जमिनीला टेकलेत का ते बघत. मग दिव्याचं बटण खालीवर, खिडकीची कडी लावून उघडून, फळ्याच्या कोपऱ्यात मार्करची एक रेघ. एवढं झालं की हजेरी. सुरुवातीला आम्ही तोंडावर हात धरून हसलो. पुढे माझ्या लक्षात आलं की घरी गॅस पेटवण्याआधी मीही नळी चाचपून बघू लागलोय. बायको म्हणाली, "हे कॉलेज तुम्हाला कॉम्प्युटर शिकवतंय की संशय?"

ते कम्युनिटी कॉलेज पौड रस्त्याला, पिरंगुटच्या जरा पुढे. एका शाळेच्या इमारतीतल्या वरच्या दोन खोल्या, शनिवार-रविवारपुरत्या मिळालेल्या. कॉम्प्युटर सॉफ्टवेअरचा एक वर्षाचा डिप्लोमा, वयाची अट नाही. मी पिरंगुटच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. आमच्याकडे सगळा हिशेब नव्या सॉफ्टवेअरवर गेला आणि त्यातून निघणाऱ्या कागदावर मला रोज सही करावी लागू लागली. ज्याच्यावर सही करतो ते आतून कसं असतं एवढं कळावं, म्हणून सत्तेचाळिसाव्या वर्षी मी नाव घातलं.

वर्गात बहुतेक कारखान्यांतली पोरं. त्यांच्यात दोघं वेगळी. एक नेऱ्याचे दत्ताभाऊ. अर्धी जमीन विकून उरलेल्या अर्ध्यावर खोल्या बांधलेले. "भाडेकरू समदे कॉम्प्युटरवाले. जिन्यात उभं ऱ्हाऊन काय बोलत्यात, मला कळाया नको?" हे त्यांचं शिकण्याचं कारण. दुसरी मनीषा. पौडच्या पुढच्या धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे, तिथली. आईबाप रोजंदारीवर. ती पिरंगुटात पॅकिंगच्या कामाला होती आणि चार मुलींबरोबर एका खोलीत राहत होती. तिला नोकरी हवी होती, हिंजवडीत, टेस्टिंगची. म्हणजे सॉफ्टवेअर बाजारात जाण्याआधी त्यातल्या चुका शोधायची. सरांनीही आयुष्यभर हेच केलं होतं. "बाकीचे बांधायचे, मी मोडायचो," म्हणायचे.

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला एकेक करून उभं केलं. "नाव सांगा, आणि तुम्ही कधी चुकता ते सांगा."

सगळे आपापल्या वहीत बघू लागले.

"न चुकणारे असतील त्यांनी घरी जावं. त्यांना शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नाही."

दत्ताभाऊ उठले. "सर, बायकू समोर आसली की मी बोलंन ते चुकीचंच आसतंय."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "नेहमी? की तिच्या माहेरचं कुणी बसलेलं असेल तेव्हा?"

दत्ताभाऊंनी खरंच विचार केला. "व्हय की वो. माहेरची आली की लईच."

"बघा. आता उपयोगाची माहिती मिळाली. 'चुकतो' म्हणणं सोपं असतं. नेमकं कधी, हे सांगता यायला पाहिजे."

मी सांगितलं की भूक लागली की माझी बेरीज चुकते. मनीषा खाली बघत म्हणाली, "मला कुणी शाबास म्हटलं की पुढचं चुकतं." सर तिच्याकडे वळले. "मग तुला मी कधीच शाबास म्हणणार नाही," ते म्हणाले, आणि वर्षभर म्हणाले नाहीत. तिच्याइतकं मन लावून त्यांनी कुणालाच शिकवलं नसेल.

"चालतंय" हा शब्द वर्गात बंद होता. प्रोग्राम चालला म्हणून कुणी हात वर केला की ते विचारत, "कधी मोडतं ते सांगा." चूक सापडली तर ती तीन वाक्यांत सांगायची. मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. विशेषण घालायचं नाही. चूक कुणाची ते विचारायचं नाही. "चुकीला मालक दिला की लोक मालकाशी भांडतात आणि चूक तिथंच राहते." मला हे फार पटलं. स्टोअरमध्ये निम्मा दिवस चूक कुणाची यावरच जातो.

आणि कडा. सरांचा सगळा जीव कडांवर. अठरा ते साठ वयाचीच माणसं घ्या असं सॉफ्टवेअरला सांगितलं असेल, तर चाळीस टाकून काही कळत नाही. सतरा टाका, अठरा टाका, साठ टाका, एकसष्ट टाका. "मधे सगळेच शहाणे असतात. वेडेपणा कडेला सापडतो." हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं की दत्ताभाऊ ते त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायचे.

दत्ताभाऊंच्या नव्या इमारतीची वास्तुशांत झाली, तेव्हा आम्ही सगळे जेवायला नेऱ्याला गेलो. पाहुणे फरशीचं, रंगाचं, जिन्याच्या कठड्याचं कौतुक करत होते. सर गायब. थोड्या वेळाने वरच्या मजल्यावरून दत्ताभाऊंच्या वडिलांचा आवाज आला, "आरं, ह्यो कोण मास्तर आणलाय?" वर जाऊन बघतो तर सर विजार गुडघ्यापर्यंत दुमडून रिकामी बादली घेऊन उभे, आणि बाथरूममध्ये ओतलेलं पाणी उंबऱ्यावरून शांतपणे हॉलमध्ये येतंय. उतार उलटा होता. नव्या जरीच्या साड्या सावरत बायका मागे सरकल्या.

"भाडेकरू आल्यावर कळलं असतं," सर म्हणाले. "आज कळलं. अभिनंदन."

वडील महिनाभर धुसफुसत होते. दत्ताभाऊंनी मात्र दुसऱ्याच दिवशी गवंडी बोलावून सगळ्या बाथरूममध्ये बादल्या ओतल्या. तीन उतार उलटे निघाले. तेव्हापासून सरांविषयी कुणी वावगं बोललं तर त्याला ते अंगावर घेत.

सर खऱ्या अर्थाने खूश झालेले मी एकदाच पाहिले. आम्ही सरावासाठी एका प्रोग्रामवर काम करत होतो. एकाच माणसाची दोनदा झालेली नोंद तो शोधून एक काढून टाकायचा. नाव तेच, बापाचं नाव तेच, गाव तेच, जन्मतारीख तीच, म्हणजे माणूस एकच. आम्हाला तो बिनचूक वाटला. सरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कधी मोडतं?

मनीषा उठली. "सर, आमच्या वाडीत मोडंल."

"कसं?"

"आमच्यात समदी एक जूनची हायेत. जन्मल्याली तारीख कुनाला ठावं? शाळंत घालताना गुरुजी एक जून लिवत्यात. आन् माज्या आत्याच्या घरात सुनीता हाय, शेजारच्या घरात बी सुनीता हाय. दोगींचा बाप काळूराम. तुमचा प्रोग्राम एक सुनीता खोडून टाकंल."

मागून कुणी म्हणालं, "माझाही एक जूनच आहे." मग आणखी एक. माझाही एक जून. निम्म्या वर्गाने हात वर केले. दत्ताभाऊ ओरडले, "म्हंजी आपुन समदे जुळे!"

सर खिडकीपाशी गेले, परत आले, पुन्हा गेले. "ही चूक कोथरूडमध्ये बसून सापडली नसती. शंभर माणसं लावली असती तरी सापडली नसती," ते म्हणाले. शाबास म्हणाले नाहीत. पण घरी जाताना खालच्या चहाच्या टपरीवर त्यांनी टपरीवालीलाही ही गोष्ट सांगितली.

पुढच्या शनिवारी खुर्ची, बटण, कडी, रेघ झाली, हजेरी झाली, आणि सरांनी तोच प्रोग्राम फळ्यावर लिहिला. तसाच, पहिल्यापासून. आम्हाला वाटलं, यात पुढचं काही असेल. लिहून झाल्यावर ते वळले आणि त्याच उत्सुकतेने म्हणाले, "हं. कधी मोडतं ते सांगा."

कुणी कुणाकडे बघेना. मग मनीषा उठली. "सर, आमच्या वाडीत मोडंल," ती म्हणाली, आणि जणू आत्ताच सुचतंय तसं थांबत थांबत सगळं पुन्हा सांगितलं. सर खिडकीपाशी गेले, परत आले. "ही चूक कोथरूडमध्ये बसून सापडली नसती," ते म्हणाले.

या वेळी कुणी हसलं नाही.

त्याच्या पुढच्या आठवड्यात बसथांब्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. ते सूसला राहायचे आणि बस बदलत जायचे. मी दुचाकी बाजूला लावली.

"तुम्ही स्टोअरवाले. माल कमी आला तर सांगता, की दुसरीकडून भरून काढता?"

"सांगतो, सर."

"मला वाटलंच." मग त्यांनी सरळ सांगितलं. डॉक्टरांनी त्यांच्या विसरण्याला नाव दिलं होतं. जुनं बराच काळ टिकेल, नवीन टिकणार नाही. सुरुवात आहे. पुढे किती वेगाने जाईल ते सांगता येत नाही. "बायकोला माहीत आहे, आता तुम्हाला. मला शिकवायचंय. घरी बसलो की मी फक्त आजारी असतो. पण एखादा विद्यार्थी माझ्याकडून चुकीचं शिकून घरी गेला, की त्या दिवशी मला थांबायचंय. ते मला स्वतःला कळणार नाही. तुम्ही सांगाल?"

मी हो म्हणालो. त्यांनी माझा हात धरून नीट हलवला, खुर्ची हलवायचे तसा.

त्यानंतर वर्गाने त्यांना झाकायला सुरुवात केली. कुणी ठरवलं नव्हतं. फळ्याचा फोटो पूर्वी तास संपताच काढायचो, आता सर खाली गेल्यावर काढू लागलो. त्याआधी मनीषा उठून चुकलेल्या ओळी पुसून नीट लिहायची. एकदा सर पुढच्या थांब्यावर उतरले, तेव्हा दत्ताभाऊ गाडी घेऊन गेले आणि "सर, मी हिकडूनच चाललो व्हतो," म्हणून त्यांना घेऊन आले. चुकीचं शिकून कुणी घरी जात नव्हतं, त्यामुळे माझ्यावर सांगायची वेळ आली नव्हती.

मनीषाला मुलाखतीला बोलावणं आलं. हिंजवडीची कंपनी, टेस्टिंगचंच काम, शिकाऊ म्हणून. सरांना कोण आनंद. रविवारी तास संपल्यावर त्यांनी तिला टपरीवर बसवून तयारी करून घेतली. तिथं फळा नव्हता आणि आम्हीही नव्हतो.

ती परत आली ती मला भेटायला थेट कारखान्याच्या फाटकाशी. वॉचमनने बोलावलं तेव्हा मी बाहेर गेलो.

"काका, न्हाई झालं."

"काय विचारलं?"

"तेच. अठरा ते साठ. कोणते आकडे टाकशील म्हनं."

"मग?"

"मी म्हटलं, पस्तीस टाकंन, चाळीस टाकंन. मधले टाकले की झालं. त्या बाई म्हनल्या, कडेचे का न्हाई? मी गप."

मला कळेना. हा प्रश्न तिने झोपेतही सोडवला असता.

"सर रविवारी तसंच म्हनले, काका. कडा सोड, मधलं बघ. लई ठासून म्हनले. मला बरोबर ठावं व्हतं. पर सरांचं शेवटचं बोलनं मोडून मी कसं सांगायचं?" मग माझ्या बाहीला हात लावून म्हणाली, "सरांना सांगू नका. मी दुसरीकडं देईन मुलाखत. ते लई खचतील."

मी तिला हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. दत्ताभाऊंना विचारलं, तर ते चिडले. "सांगून काय मिळनार हाय? घरात बसवायचाय का मास्तरला?"

पण सरांनी मला हेच काम दिलं होतं. शनिवारी बसथांब्यावर मी तीन वाक्यं बोललो. रविवारी तुम्ही मनीषाला मधले आकडे तपासायला सांगितलंत. कडेचे तपासायला सांगायला हवं होतं. तिने मुलाखतीत तुमचं सांगितलं आणि तिला घेतलं नाही.

सरांच्या चेहऱ्याचा रंग गेला. बराच वेळ ते रस्त्याकडे बघत होते.

"ती रडली का?"

"माझ्यासमोर नाही."

"बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. तिथंच उभं राहून त्यांनी प्राचार्यांना फोन लावला आणि आजपासून येणार नाही म्हणून सांगितलं. बस आली. पायरीवर पाय ठेवून त्यांनी दांडी हलवून बघितली आणि वर चढले.

पुढच्या शनिवारी आम्ही वर्गात बसलो होतो. सरांच्या जागी नेमलेल्या नवीन मॅडम अजून यायच्या होत्या. जिन्यात पावलं वाजली आणि सर आत आले. खुर्ची हलवली. बटण खालीवर केलं. कडीला हात घातला तेव्हा मी उठलो आणि त्यांना व्हरांड्यात घेऊन गेलो.

तीच तीन वाक्यं मी पुन्हा बोललो. त्यांच्या चेहऱ्याचा रंग पुन्हा तसाच गेला. ते तितकाच वेळ रस्त्याकडे बघत राहिले. "ती रडली का?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "बरं झालं सांगितलंत."

दुःख एकदा होतं आणि मग जुनं होत जातं, अशी माझी समजूत होती. त्यांचं जुनं व्हायला तयार नव्हतं. पहिल्यांदा ऐकतोय तसंच ते त्यांना लागलं.

मी त्यांना दुचाकीवरून सूसला सोडलं. त्यांच्या पत्नी, वहिनी, दारातच उभ्या होत्या. "मी म्हटलं त्यांना, आता नाही जायचं. म्हणाले, मुलं वाट बघत असतील. मी काय करू? कुलूप लावू?" त्यांनी मला पाणी दिलं आणि माझा नंबर घेतला, स्वतःचा दिला.

आठवडाभर दत्ताभाऊ माझ्या मागे लागले. "तिसऱ्यांदा सांगनार हायेस व्हय? माणूस हायेस का कोन? येऊ दे की त्यास्नी. मी बसतो फुडं. मला एकट्याला शिकवू दे."

"मी शब्द दिलाय, दत्ताभाऊ."

"आरं, पर ज्याला दिलाय त्याच्या ध्यानात तरी हाय का?"



शनिवारी नवीन मॅडम फळ्यापाशी शिकवत होत्या. तरुण, आवाज मोठा, चांगल्या शिकवत होत्या. अर्धा तास गेला असेल. सर दारात येऊन उभे राहिले. मॅडम थांबल्या. सरांनी फळ्याकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं, आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मी उठलो. सांगायचं की नाही, ते उठेपर्यंत माझं ठरलं नव्हतं. मी दाराशी पोहोचायच्या आत त्यांनी मॅडमना हात जोडले, "चालू द्या," म्हणाले आणि स्वतःच व्हरांड्यात गेले.

"मी तुम्हाला एक काम सांगितलं होतं का? बसथांब्यावर?"

"हो, सर."

"ते मला आठवतंय. तुम्ही ते केलंत?"

"केलं."

"किती वेळा?"

"दोनदा."

"मी काय म्हणालो?"

"बरं झालं सांगितलंत, म्हणालात."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा, सर. तेच शब्द."

ते कठड्याला टेकून उभे राहिले. खाली मैदानात शाळेची पोरं कबड्डीची रेघ आखत होती. "दोन्ही वेळा निकाल एकच आला," ते म्हणाले. "मग शंका घ्यायला जागा नाही."

मी बोलायला तोंड उघडलं.

"काय झालं होतं ते आज सांगू नका. कुणाचं तरी नुकसान झालं असणार, एवढं मला पुरे." वर्गातून मॅडमचा आवाज येत होता. ते थोडा वेळ ऐकत राहिले. "ज्याचं झालं असेल त्याला माझा निरोप द्या. म्हणावं, माझं शेवटचं बोलणं धरू नको. आधीचं धर."

मी त्यांना सोडायला निघालो, तर नको म्हणाले. बसने गेले.

तास संपल्यावर मी मनीषाला निरोप सांगितला. ती खाली नळावर जाऊन तोंड धुऊन आली आणि फळा पुसायला लागली. त्यावर चुकीचं काहीच नव्हतं. तिची दुसरी मुलाखत अजून व्हायची आहे.

त्यानंतरच्या शनिवारी सर आले नाहीत. मॅडम शिकवत होत्या आणि आम्ही सगळे दाराकडे बघत होतो. दत्ताभाऊ मधेच उठून जिन्यापर्यंत जाऊन आले. त्याच्या पुढच्या शनिवारीही सर आले नाहीत. वहिनींनी शेवटी कुलूप लावलं, की त्यांच्या स्वतःच्या लक्षात राहिलं, हे विचारायला एक फोन पुरेल. नंबर माझ्याकडे आहे. मी अजून विचारलेलं नाही.